पूर्ववत म्हणजे केव्हासारखे?

भाडेपट्ट्याच्या जुन्या दस्तऐवजांत एक कलम हटकून आढळे : मुदत भरताच कुळाने आपले सामानसुमान उचलावे, केलेले बांधकाम स्वखर्चाने काढून न्यावे आणि जागा पूर्ववत करून मालकाच्या ताब्यात द्यावी. दस्त लिहिणाऱ्या कारकुनावर 'पूर्ववत' या शब्दाचा खुलासा करण्याची पाळी सहसा येत नसे; जागा म्हणजे चार भिंती नाहीतर चार गुंठे, आणि ती पूर्वी कशी होती हे शेजारपाजारच्या दोघांना तरी आठवत असे. परंतु हेच कलम जेव्हा समुद्राच्या तळाला लागू होते, कूळ म्हणजे एखादी तेलकंपनी असते, बांधकाम म्हणजे शे-दीडशे मीटर पाण्यात उभे असलेले हजारो टन पोलाद असते, मुदत चाळीस-पन्नास वर्षांची असते, आणि त्या मुदतीच्या मध्यावर कधीतरी सरकारने तोच तळ संरक्षित म्हणून जाहीर केलेला असतो, तेव्हा हा एक शब्द सगळे प्रकरण अडवून धरतो. पूर्ववत म्हणजे खोदाईच्या आधीसारखे, की संरक्षणाचा हुकूम निघाला त्या दिवशी होते तसे, की तळ खरवडत जाळी ओढणाऱ्या बोटी यायच्याही आधीसारखे, हे त्या कलमात कोठेच लिहिलेले नाही.

हा प्रश्न आज सर्वांत निकडीचा झाला आहे तो उत्तर समुद्रात. ब्रिटन, नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी आणि नेदरलँड्स यांच्या मधल्या त्या थंड, वादळी आणि मासळीने समृद्ध पाण्यात. १९६५ साली इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यासमोर तेथे वायू लागला. १९७१ साली शेटलंड बेटांच्या ईशान्येला ब्रेंट हे तेलक्षेत्र सापडले, आणि १९७६ साली त्यातून तेल निघू लागले. मुंबईच्या वाचकाला ते साल ओळखीचे वाटेल, कारण 'सागर सम्राट' या खोदनौकेने १९७४ मध्ये शोधून काढलेल्या मुंबई हायचे पहिले तेल वर आले तेही १९७६ मध्येच. म्हणजे ही दोन क्षेत्रे जुळी भावंडेच. त्यांतल्या एकाचे प्लॅटफॉर्म एकेक करून मोडीत निघाले आणि दुसरे अद्याप कमावते आहे. एकाच्या उत्तरक्रियेचा हिशेब दुसऱ्याच्या घरच्यांनी वेळीच पाहून ठेवावा, एवढ्यासाठी तरी उत्तर समुद्राचा हा मामला आपण बारकाईने वाचला पाहिजे.

कायद्याची सुरुवात मोठ्या साध्या भाषेत झाली. खंडान्त उथळ भूमीविषयी १९५८ साली जिनिव्हा येथे झालेल्या करारात, टाकून दिलेली किंवा वापरात नसलेली बांधकामे संपूर्णपणे काढली पाहिजेत, असे एका ओळीत म्हटले आहे. तो करार लिहिला गेला तेव्हा खुल्या समुद्रात उभी असलेली अशी भारी बांधकामे जवळजवळ नव्हतीच, त्यामुळे हुकूम सोडताना कोणाच्या पदरचे काही जात नव्हते. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारात भाषा सैल झाली : नौकानयनाच्या सुरक्षिततेसाठी काढावे, आणि काढताना मासेमारी, सागरी पर्यावरण व इतर राष्ट्रांचे हक्क यांचा यथायोग्य विचार करावा. पुढे १९८९ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने या तत्त्वावर आकडे बसवले. ७५ मीटरांहून उथळ पाण्यातली आणि ४,००० टनांहून हलकी बांधकामे समूळ काढायची. १९९८ पासून पुढे उभारल्या जाणाऱ्यांसाठी ही खोली १०० मीटर धरायची. आणि जे अर्धवट कापून ठेवायचे त्याच्या माथ्यावर निदान ५५ मीटर मोकळे पाणी राखायचे. हे आकडे जहाजाच्या तळाकडे पाहून ठरवलेले आहेत, समुद्राच्या तळाचा विचार त्यांत पाहुण्यासारखा आला आहे.

समुद्राचा तळ घराघरांत चर्चेला आला तो १९९५ च्या उन्हाळ्यात, आणि तोही एका गैरसमजाच्या आधाराने. ब्रेंट स्पार नावाची १३७ मीटर उंचीची, १४,५०० टन वजनाची तेल साठवण्याची एक तरंगती टाकी १९९१ पासून निकामी पडली होती. ती अटलांटिकच्या खोल पाण्यात नेऊन बुडवावी, असे शेल कंपनीने ठरवले आणि ब्रिटिश सरकारने त्यास रीतसर परवाना दिला. ३० एप्रिलला ग्रीनपीस संघटनेचे कार्यकर्ते त्या टाकीवर चढून बसले. जर्मनीत लोकांनी शेलच्या पेट्रोलपंपांवर बहिष्कार घातला, काही पंपांवर हल्लेही झाले, चॅन्सेलर कोल यांनी पंतप्रधान मेजर यांच्यापाशी विषय काढला, आणि ब्रिटिश सरकार भर सभागृहात योजनेचे समर्थन करीत असतानाच, २० जूनला, शेलने अचानक माघार घेतली. टाकीत साडेपाच हजार टन तेल उरले आहे असा ग्रीनपीसचा दावा होता. त्रयस्थ तपासणीत ते शंभर टनांच्या आसपास निघाले, आणि संघटनेने सप्टेंबरात चूक कबूल करून माफी मागितली. टाकी नॉर्वेच्या एका फ्योर्डमध्ये ओढत नेण्यात आली आणि तिच्या कापलेल्या कड्यांवर स्टाव्हांगरजवळच्या मेक्यार्विक येथे बोटींचा धक्का बांधला गेला.

गोष्ट येथे संपती तर ती केवळ राजकारणाची ठरली असती. परंतु ती टाकी पाण्यातून वर आली तेव्हा तिच्या अंगावर लोफेलिया नावाच्या शीतजलातल्या प्रवाळाची वसाहत आढळली. हा प्रवाळ सूर्यप्रकाशाशिवाय, खोल काळोखात, प्रवाहाबरोबर येणारे कण खाऊन जगतो, वर्षाला जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर वाढतो, आणि नॉर्वेच्या किनाऱ्यालगत त्याचे जे नैसर्गिक रीफ आहेत त्यांचा ट्रॉल जाळ्यांनी केलेला नाश हा युरोपातल्या सागरविज्ञानाचा एक जुना सल आहे. ज्या टाकीला सगळ्या युरोपने विषाची कुपी ठरवले होते तिच्यावरच संरक्षणाला पात्र असा जीव निर्वेधपणे नांदत होता. पुढच्या पाहणीत उत्तर समुद्रातल्या १४ प्लॅटफॉर्मांपैकी १३ वर तो सापडला.

मधल्या काळात कायदा मात्र बहिष्काराच्या झळीतच लिहिला गेला होता. ईशान्य अटलांटिकच्या ओस्पार कराराची सदस्य राष्ट्रे जुलै १९९८ मध्ये पोर्तुगालमधल्या सिंत्रा येथे जमली आणि त्यांनी ९८/३ क्रमांकाचा निर्णय केला : निकामी बांधकाम समुद्रात बुडवणे किंवा संपूर्ण अथवा अंशतः जागेवर ठेवणे यास मनाई. सूट मागता येते ती थोड्यांनाच. ९ फेब्रुवारी १९९९ पूर्वी उभारलेल्या, १०,००० टनांहून जड पोलादी सांगाड्यांच्या पायथ्याला, आणि स्वतःच्या वजनावर तळावर बसलेल्या काँक्रीटच्या बांधकामांना. वरचा कारखाना मात्र कोणत्याही सबबीवर समुद्रात राहता कामा नये. हा नियम कडक आहे आणि मला तो त्याच्या काळापुरता योग्यही वाटतो, कारण जेथे वचक नसतो तेथे समुद्राचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही. परंतु त्याची आखणी एका मोकळ्या, सपाट, निर्जीव तळाची कल्पना करून झाली होती, आणि तेल-वायूच्या वाहिन्यांचा तर त्यात समावेशच नाही. संरक्षित क्षेत्रांच्या सरहद्दी नकाशावर पडल्या त्या बहुतेक सगळ्या त्यानंतर.

'प्लॅटफॉर्म काढावा की ठेवावा' असा प्रश्न घालणे हीच मुळात चूक आहे, असे मला या विषयावरचे अहवाल जसजसे वाचत गेलो तसतसे वाटू लागले. प्लॅटफॉर्म ही एक वस्तू नव्हे. वर कारखाना आणि वस्ती. त्याखाली जॅकेट म्हणतात तो नळ्यांचा जाळीदार सांगाडा. त्याचा तळात रुतलेला पायथा. पायथ्याशी साचलेला खोदाईचा चुरा. तेथून निघालेल्या वाहिन्या. वाहिन्यांवर अंथरलेल्या काँक्रीटच्या गाद्या आणि गाद्यांवर ओतलेला दगड. या प्रत्येकाचे समुद्राशी असलेले नाते निराळे आहे, आणि एकाला लागू पडणारा न्याय दुसऱ्याला लावला की कोठेतरी घात होतो.

कारखान्याविषयी वाद नाही. त्यात रसायने, पारा, किरणोत्सर्गी क्षारांचे थर आणि केबलींचे प्लास्टिक असते, आणि ते जमिनीवर आणून निवडण्यातच शहाणपण आहे. ब्रेंट डेल्टा या प्लॅटफॉर्मचा २४,२०० टनांचा माथा २०१७ च्या एप्रिलमध्ये एका अजस्र जहाजाने एकाच उचलीत पायांवरून काढला आणि इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर नेला; त्यातले ९७ टक्क्यांहून अधिक सामान पुन्हा वापरात गेले, असे हिशेब सांगतो.

सांगाड्याचे तसे नाही. कोकणातल्या कोणत्याही जुन्या धक्क्यावर ओहोटीच्या वेळी उभे राहावे : एरवी पाण्यात बुडालेले खांब कमरेपर्यंत उघडे पडतात आणि त्यांवर कालवांचा असा खरखरीत, धारदार थर बसलेला दिसतो की हात लावला तर कापावा. त्या थराच्या फटींत लहान खेकडे, फटींच्या आडोशाला कोळंबी, कोळंबीच्या मागे मासे. खांब कोणी बांधला याची चौकशी त्यांतले कोणी करीत नाही. शंभर मीटर उंचीच्या सांगाड्यावर हीच वस्ती मजल्यामजल्याने बसते. उजेडाच्या पट्ट्यात शिंपले आणि शेवाळ, त्याखाली फुलांसारखे दिसणारे समुद्रफूल आणि मऊ प्रवाळ, आणि खाली काळोखात लोफेलिया. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यासमोरच्या प्लॅटफॉर्मांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. दर चौरस मीटर तळामागे होणारे माशांचे उत्पादन जगात मोजल्या गेलेल्या कोणत्याही सागरी अधिवासाहून तेथे जास्त भरले. तेव्हापासून हा निष्कर्ष कंपन्यांच्या प्रत्येक अर्जात मानाच्या जागी बसलेला असतो. पण कॅलिफोर्नियात जे रॉकफिश आपले बालपण सांगाड्याच्या आडोशाला काढतात तसे मासे उत्तर समुद्रात नाहीत. तेथे सेथ आणि कॉड जातीचे मासे सांगाड्याभोवती गोळा होतात एवढे खरे, मात्र ते तेथे निपजतात की आजूबाजूच्या पाण्यातून नुसते ओढले जातात, याचा निवाडा एका समुद्राच्या आकड्यांवरून दुसऱ्यासाठी करता येत नाही.

संरक्षित क्षेत्राच्या आत हा सगळा वाद कसा वळण घेतो याचा सर्वांत बोलका दाखला मेक्सिकोच्या आखातात आहे. अमेरिकेने १९८४ साली कायदा करून निकामी सांगाड्यांचे कृत्रिम रीफ करण्याची वाट मोकळी केली, आणि आजवर त्या आखातात पाचशेहून अधिक सांगाडे अशा रीतीने तळाला सुपूर्द झाले आहेत. टेक्सासच्या किनाऱ्यापासून दीडशेहून अधिक किलोमीटर आत फ्लॉवर गार्डन बँक्स नावाचे, पाण्याखालच्या मिठाच्या टेकड्यांवर वाढलेले प्रवाळांचे उद्यान आहे. त्याला १९९२ साली राष्ट्रीय सागरी अभयारण्याचा दर्जा मिळाला तेव्हा हाय आयलंड ए-३८९-ए हा वायूचा प्लॅटफॉर्म, जो १९८१ पासून सुमारे १२५ मीटर पाण्यात उभा होता, अभयारण्याच्या हद्दीत आला. खोदाईचा गाळ प्रवाळांवर पडू नये म्हणून तो नळीने तळाजवळ सोडण्याची अट घातलेली होती. प्लॅटफॉर्मच्या पायांवर वस्ती वाढत गेली. पाणबुडे हौशीने तेथे उतरू लागले. अखेर २०१८ साली वरचे सुमारे २० मीटर कापून काढले आणि उरलेला सांगाडा जागेवर ठेवला गेला.

निकाल गोड वाटतो, आणि पाणबुड्यांना तो झालाही. पण त्या पायांवर नारिंगी रंगाचा एक पेल्याच्या आकाराचा प्रवाळ भरगच्च वाढलेला होता. तो मूळचा आपल्याकडचा, हिंदी आणि प्रशांत महासागरांचा रहिवासी. गेल्या शतकात कधीतरी जहाजांबरोबर अटलांटिकमध्ये गेला, आणि आखातातले प्लॅटफॉर्म त्याला धर्मशाळांसारखे एकामागून एक मिळत गेले. आता अभयारण्याचे पाणबुडे खऱ्याखुऱ्या रीफवर पोचलेली त्याची रोपे हातोडी-छिन्नीने एकेक करून खरवडतात. सांगाडा हा पूल असतो, आणि पुलावरून कोण येणार हे पूल बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. उत्तर समुद्रात नेमकी उलटी तक्रार आहे : तेथल्या प्लॅटफॉर्मांवरच्या लोफेलियाचे तरंगते डिंभ प्रवाहाबरोबर नॉर्वेच्या संरक्षित रीफपर्यंत पोचत असावेत, असे २०१८ साली प्रवाहांच्या गणितावरून दाखवण्यात आले, तेव्हा पूल तोडला तर पलीकडच्या खचलेल्या रीफला होणारा पुरवठा तुटेल, अशी भीती. ब्रिटनमध्ये सांगाड्यावर प्रवाळ असणे हे सांगाडा ठेवून देण्यास पुरेसे कारण धरले जात नाही. मात्र तोच प्रवाळ बंदरात आणायचा म्हटला की वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे दाखले तपासावे लागतात, कारण कठीण प्रवाळांचा सारा वर्गच त्या कराराच्या परिशिष्टात आहे. जिवंतपणी ज्याला हक्क नाही त्याच्या प्रेतासाठी परवाना, असा हा दप्तरी न्याय आहे.

आता पायथ्याशी उतरू. विहीर खोदताना बिट थंड राहावी, दाब सावरावा आणि खडकाचा चुरा वर यावा म्हणून नळीतून चिखल खेळवतात. त्यात बॅराइटची वजनदार पूड असते, आणि नव्वदीच्या दशकापर्यंत त्याचे अंग पुष्कळदा तेलाचे असे. वर आलेला चुरा वरवर धुऊन प्लॅटफॉर्मवरून सरळ खाली सोडत. दक्षिणेकडच्या उथळ भागात भरतीचे प्रवाह जोराचे, त्यांनी तो पसरून नेला. परंतु मध्य आणि उत्तर भागात तो जागच्या जागी साचून पायांभोवती टेकाडे झाली, काही ठिकाणी हजारो घनमीटरांची. अशा टेकाडाचा नमुना नळकांड्यात काढला तर वरचे काही सेंटिमीटर बदललेले, फिकट, थोड्याशा किड्यांनी वस्ती केलेले दिसतात. त्याखाली काळा, चिकणमातीसारखा घट्ट गोळा, रॉकेलच्या वासाचा, ज्यात प्राणवायू शिरत नाही म्हणून तेल तीस-चाळीस वर्षांनीही जवळजवळ होते तसेच आहे. भोवतालच्या काही शे मीटरांत नाजूक जीव नाहीसे होऊन तेथे घाणीत तगणाऱ्या दोन-चार जातींच्या किड्यांचेच राज्य असते. ओस्पारच्या २००६ च्या शिफारशीने या टेकाडांसाठी दोन कसोट्या ठरवल्या : वर्षाला १० टनांहून अधिक तेल झिरपते काय, आणि दूषित क्षेत्राचा विस्तार व त्याचा काळ यांचा गुणाकार ५०० चौरस किलोमीटर-वर्षांच्या वर जातो काय. बहुतेक टेकाडे या मर्यादांखाली भरतात, म्हणून ती हलवू नयेत असे ठरते. सांगाड्याचा पायथा या गोळ्यात रुतलेला असल्यामुळे पायथा उपटणे म्हणजे गोळा फोडणे. सूट मिळण्याचे एक मोठे कारण हेच आहे. मला ही तजवीज पटते, पण एका अटीवर : पायथ्याभोवतीची पाचशे मीटरांची बंदी उठवली आणि ट्रॉल जाळी तेथे फिरू लागली, तर ज्याला आपण 'न हलवता ठेवले' म्हणतो तेच वर्षानुवर्षे थोडे थोडे फोडले जाईल.

ही पाचशे मीटरांची बंदी या प्रकरणातले सर्वांत दुर्लक्षित पात्र आहे. प्रत्येक प्लॅटफॉर्मभोवती सुरक्षेसाठी आखलेल्या त्या वर्तुळात, म्हणजे पाऊण चौरस किलोमीटरांहून थोड्या अधिक जागेत, तीस-चाळीस वर्षे जाळे ओढले गेलेले नसते. उत्तर समुद्रासारख्या पुन्हा पुन्हा नांगरलेल्या समुद्रात ही वर्तुळे नकळत झालेली अभयारण्येच होत. प्लॅटफॉर्म गेला की कायद्याचे कारण संपते आणि वर्तुळही पुसले जाते. मच्छीमारांची बाजू यात खोटी नाही. १९९७ च्या मार्चमध्ये वेस्टहेवन ही स्कॉटिश बोट, तळावर अधांतरी राहिलेल्या एका वाहिनीत जाळे अडकून उलटली आणि चार माणसे गेली. त्यामुळे तळ जाळ्याला निर्धोक हवा, हा त्यांचा आग्रह रक्ताने लिहिलेला आहे.

पण निर्धोक करण्याची जी रीत रूढ आहे ती संरक्षित क्षेत्रात फार महागात पडते. गाडलेली वाहिनी साफ करून तशीच ठेवतात, तिची उघडी टोके कापतात, आणि जाळे वरून सरकावे म्हणून त्यांवर फोडलेल्या दगडाचा उतरता भराव घालतात. इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यासमोर वाळूच्या लांबलचक दांड्यांचे संरक्षित क्षेत्र आहे, उत्तर नॉरफोकच्या दांड्या आणि सॅटर्न रीफ या नावाचे. तेथे संरक्षण दिले आहे ते वाळूला, तिच्या सरकण्याला, भरती-ओहोटीबरोबर रोज आकार बदलण्याला. आणि तेथेच साठीच्या दशकापासून वायूच्या विहिरी, डझनांनी प्लॅटफॉर्म आणि वाहिन्यांचे जाळे. या वाळूवर ओतलेला ग्रॅनाइट कधीच परत काढला जात नाही. वाळू त्याच्या भोवती खरवडली जाते, त्यावर खडकावरचे जीव बसतात, आणि जातींची यादी लांबली म्हणून कोणी तिला समृद्धी म्हणू लागले तर गव्हाच्या शेतात टाकलेल्या विटांवर गवत उगवले म्हणून शेत सुधारले असे म्हणण्यासारखे ते होईल. सॅटर्न रीफची कथा तर याहून नाजूक आहे. वाळूचे कण चिकटवून नळ्या बांधणाऱ्या किड्यांची ही वसाहत २००३ च्या सुमारास साडेसातशे मीटर लांब आणि पाचशे मीटर रुंद मोजली गेली, तीही वायूच्या कामासाठी केलेल्या पाहणीत. २००६ मध्ये पुन्हा शोधायला गेले तर ती जागेवर नव्हती. असा जीव जेथे आज नाही तेथे उद्या असू शकतो, आणि दगडाचा परवाना देताना आज काढलेल्या छायाचित्रावर विसंबावे लागते.

येथे एक साधा विचार मला सरकारी कागदांत क्वचितच दिसला. दगड ओततात तो ट्रॉल जाळ्यासाठी. मग ज्या संरक्षित क्षेत्रात ट्रॉलला बंदी झाली आहे तेथे दगड कशासाठी? डॉगर बँक या उत्तर समुद्राच्या मधल्या प्रचंड वाळूपठाराच्या ब्रिटिश भागात २०२२ च्या जूनपासून तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना मज्जाव आहे. मासेमारीचे खाते आणि तेलाचे खाते यांनी एकमेकांची दप्तरे उघडून पाहिली तर पुष्कळ दगड खाणीतच राहील.

आवाजाविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्यातला पुष्कळ भाग काढण्याच्या काही आठवड्यांपुरता असतो. पोलाद कापण्यासाठी हिऱ्याच्या तारेची करवत किंवा वाळूमिश्रित पाण्याचा झोत वापरला तर उपद्रव मर्यादित. स्फोटके वापरली तर मासे जागीच मरतात आणि शिंशुकांचे कान निकामी होण्याची धास्ती. कोकणचे कोळी ज्याला भुलगा म्हणतात त्याच्या भाऊबंदांपैकी एका शिंशुकासाठी ब्रिटनने २०१९ साली उत्तर समुद्राच्या दक्षिण भागातले सुमारे ३७ हजार चौरस किलोमीटर पाणी राखून ठेवले, आणि कोणत्याही एका दिवशी त्यातला वीस टक्क्यांहून अधिक व हंगामाच्या सरासरीने दहा टक्क्यांहून अधिक भाग आवाजाने व्यापला जाऊ नये, असा दंडक घातला. हेच शिंशुक डॉगर बँकवरच्या प्लॅटफॉर्मांभोवती रात्री शिकारीला येतात हेही ध्वनिग्राहकांनी नोंदवले आहे. पवनचक्क्यांचे खांब ठोकणारेही याच वीस टक्क्यांत वाटा मागत आहेत, हा पुढचा तंटा.

काँक्रीटच्या पायांचा प्रश्न संरक्षित क्षेत्रापुरता नाही, पण तो टाळून पुढे जाता येत नाही. ब्रेंटचे तीन प्लॅटफॉर्म काँक्रीटच्या पायांवर उभे होते. एकट्या डेल्टाचे अंग तीन लाख टनांच्या घरातले. त्यांच्या बुडाशी साठवणुकीच्या प्रचंड कोठ्या आहेत आणि त्यांत तेलकट पाणी व गाळ आहे. ते सारे उपसणे धोक्याचे आहे, भिंती शतकानुशतके टिकतील आणि गळती हळूहळू, अल्प प्रमाणात होईल, असे शेलचे म्हणणे; २०१९ साली जर्मनीने त्यावर हरकत घेतली, इतर काही राष्ट्रांनीही तिची बाजू उचलली, आणि लंडनमध्ये खास सल्लामसलतीची बैठक भरवावी लागली. जर्मनीचा आक्षेप मला विचार करण्याजोगा वाटतो. कंपनीचे आयुष्य शतकांत मोजले जात नाही. ब्रिटिश नियमाप्रमाणे मागे ठेवलेल्या अवशेषांची जबाबदारी मालकावर कायमची राहते. पण कायमचा मालक ही चीज कोणत्याही कंपनी कायद्याने अजून निर्माण केलेली नाही.

आणि पैशाची गोष्ट. काढण्याच्या खर्चाचा मोठा भाग ब्रिटनमध्ये करसवलतीच्या वाटेने सरकारी तिजोरीतूनच जातो, त्यामुळे 'ठेवू या' म्हणण्यात कंपनीइतकाच सरकारचाही फायदा असतो, आणि दोन्ही पक्ष एका बाजूला बसले की समुद्राच्या वतीने उलटतपासणी घ्यायला कोणी उरत नाही. या बांधकामांचा जीवसृष्टीवरील परिणाम अभ्यासण्यासाठी २०१४ च्या सुमारास इनसाइट नावाचा संशोधनप्रकल्प सुरू झाला. त्याच्या पैशाची सुरुवात तेलउद्योगातूनच झाली. त्यातले शास्त्रज्ञ प्रामाणिक नाहीत असे मी म्हणणार नाही, उलट सगळ्यात मोठी अडचण त्यांनीच मांडली : कंपन्यांची यंत्रे चाळीस वर्षे पायांची छायाचित्रे घेत होती, ती गंज पाहण्यासाठी; माशाकडे कॅमेरा वळवलाच असेल तर तो योगायोगाने.

आपल्या बाजूला पाहिले तर महाराष्ट्राचे सागरी अभयारण्य १९८७ पासून मालवणला आहे आणि तेथे तेलाची बांधकामे नाहीत. पण कच्छच्या आखातातल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातून कच्च्या तेलाच्या वाहिन्या गेल्या आहेत, आणि त्या घालू द्याव्यात की नाही यावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. घालण्याचा निकाल झाला. काढण्याचा खटला अजून कोणी लावलेला नाही. मुंबईच्या वायव्येला ताप्ती वायुक्षेत्रावरचे विहिरींचे प्लॅटफॉर्म काढले गेले ते देशातले या जातीचे पहिले मोठे काम, आणि स्थळ पूर्ववत करण्यासाठी कंपन्यांनी आधीपासून निधी बाजूला टाकावा अशी योजना १९९९ पासून आहे. पैशाची तरतूद झाली हे उत्तम. मुंबई हायचा तळ आज कसा आहे, त्या पायांवर काय राहते, चुरा कोठवर पसरला आहे, याचा पंचनामा उत्पादन चालू असतानाच व्हायला हवा; यंत्रे आणि माणसे तेथे आहेत तोवर तो स्वस्तात होईल.

उत्तर समुद्राच्या मध्यभागी ब्रिटनने २०१४ साली एक क्षेत्र संरक्षित केले. त्याचे सरकारी नाव 'गॅनेट आणि माँट्रोज क्षेत्रांच्या पूर्वेस' असे आहे, आणि गॅनेट व माँट्रोज ही दोन्ही तेलक्षेत्रे. म्हणजे राखलेल्या समुद्राला स्वतःचे नाव नाही, तेलाच्या शेजारावरूनच त्याला ओळखायचे. तेथे राखायचे आहे ते आर्क्टिका नावाच्या एका जाड, काळपट शिंपल्याला. हा शिंपला वाळूमिश्रित चिखलात स्वतःला पुरून घेतो, फक्त श्वासाची दोन छिद्रे वर ठेवतो, आणि वर्षाला कवचावर एक बारीक वलय चढवतो. आइसलँडच्या समुद्रातून काढलेल्या अशा एका शिंपल्याची वलये मोजली तेव्हा त्याचे वय ५०७ वर्षे भरले. उत्तर समुद्रातले सगळे इतके वृद्ध नसतात, परंतु पहिली विहीर खोदण्यापूर्वीपासून तळात बसून राहिलेले शिंपले या चिखलात असू शकतात, आणि वाफेच्या ट्रॉलरांच्याही आधीचे एखाददुसरे. भाडेपट्ट्यातल्या त्या दोन शेजाऱ्यांसारखे, जागा पूर्वी कशी होती हे ज्यांनी पाहिले आहे असे साक्षीदार तेवढेच. आणि वाहिनी उपटण्यासाठी चर खणणारे यंत्र खाली उतरते तेव्हा त्याचे पहिले फावडे बसते ते त्यांच्याच थरात.